सुईला भिणाऱ्या पैलवान दादांस

।। श्री खंडेराय प्रसन्न ।।

अणदूर
कार्तिक वद्य पंचमी, सोमवार

तीर्थस्वरूप महालिंगप्पा दादांच्या पायांशी (डाव्या अंगठ्याला धक्का लागू न देता) धाकट्या कस्तुराचा शरणू.

इकडं खंडेरायाच्या कृपेनं आम्ही तिघंही बरे आहोत. वहिनींचे गुडघे कसे आहेत, म्हैस व्याली का, योगीराजच्या बोअरला पाणी लागलं का, ते सगळं सविस्तर कळवावं. तुमच्या स्वतःच्या तब्येतीचं मात्र कळवू नये, कारण तुम्ही जे कळवता ते खरं नसतं. गेल्या पंधरा दिवसांत फोनवर मी चारदा विचारलं आणि चारही वेळा तुम्ही "एकदम ठणठणीत" म्हणालात. काल तुमचा योगीराज हरभऱ्याचं बियाणं न्यायला आमच्याकडं आला, तेव्हा कळलं की हा ठणठणीत माणूस दसऱ्यापासून एका पायात चप्पल आणि एका पायाला फडकं बांधून मुरूम गावभर फिरतोय. विचारणाऱ्याला सांगतोय म्हणं, नांगराचा फाळ लागला. दादा, तुमचा नांगर विकून अकरा वर्षं झाली. फाळ लागायला तो गुलबर्ग्याहून चालत आला काय?

योगीराजला मी चहा दिला आणि सगळं काढून घेतलं (पोरगं तुमच्यावर गेलं न्हाई, दोन प्रश्नांत चितपट झालं). अंगठ्याची जखम दीड महिना भरत न्हाई. साखर चारशेच्या घरात. उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता नुसत्या गोळ्यांवर भागायचं न्हाई, इन्सुलिन सुरू करा, न्हाईतर अंगठ्याची खात्री देत न्हाई, आणि अंगठ्यावर थांबंल ह्याची पण न्हाई. एवढं ऐकून तुम्ही काय केलं? "मोटारसायकल सावलीला लावून येतो" म्हणून उठलात, आणि तुम्हाला जी सावली सापडली ती थेट मुरूमला आपल्या पडवीत. तिकडं तो कंपाउंडर सुई धरून दारात उभा राहिला म्हणं, वाट बघत, लग्नात हार घेऊन नवरदेवाची वाट बघतात तसा. नळदुर्गच्या यात्रेत दीडपट वजनाच्या गड्याला आस्मान दाखवून ज्यानं चांदीचं कडं आणलं, दोन्ही कान मोडले तरी ज्यानं हूं की चूं केलं न्हाई, तो माणूस केसाएवढ्या सुईपुढून पळाला! आमच्या गावात अजून तुमचं नाव सांगून पोरं लंगोट बांधतात. त्यांना काय सांगू, ते तेवढं कळवा.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मी "इन्सु" म्हटलं की तुमची रेंज जाते. कागदाला रेंज लागत न्हाई. आणि तुम्ही भज्याचा कागदसुद्धा तेल पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, तेव्हा हा पण वाचाल. वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवावा (सहीपर्यंत). योगीराज आज परत निघतोय, त्याच्याच हाती देते, आणि त्यानं वाटेत उघडू नये म्हणून खळ लावून चिकटवला आहे.

आता तुमच्या भाचीचं. सृष्टी सोळा वर्षांची झाली, आणि ह्यातली पाच वर्षं ती रोज चार वेळा स्वतःच्या हातानं सुई टोचून घेते. तिचा आजार तुमच्यासारखा न्हाई. तुमच्याकडं साखर हळूहळू, पेढे खात, जत्रा करत आली. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत न्हाई, सुई चुकली तर जीवावर बेततं. तुम्ही आमच्याकडं आलात की ती सुई काढायच्या आत तुम्हाला अंगणातल्या लिंबावर काहीतरी बघायचं असतं. पोरगी हसती. म्हणती, मामाला लिंबाचं झाड लई आवडतं.

पण शहाणपण मी तुम्हाला कुठल्या तोंडानं शिकवू? माझा पराक्रम तुम्हाला अजून कुणी सांगितला नसंल. सांगते, म्हणजे चुका करण्यात तुम्ही एकटे न्हाई हे तरी कळंल. पोरीला हे दुखणं लागलं तेव्हा मी खंडोबाला नवस बोलले होते की पोरगी बरी होईपर्यंत घरात साखरेचा कण आणणार न्हाई. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी सांगितलं की हे जन्मभराचं आहे. नवस बोलताना मुदत घालायची असते हे मला कुणी शिकवलं न्हाई. तेव्हापासून आमच्या घरात चहा म्हणजे औषध. तुमचे दाजी त्यावर अक्षर बोलले न्हाईत, फक्त रोज सकाळी त्यांना एस.टी. स्टँडवर कुणालातरी भेटायचं असतं, आणि भेटून आले की त्यांच्या मिशीला साय असती. दवाखान्यात साखर चढल्यावर काय आणि उतरल्यावर काय ते दोन तास समजावून सांगितलं होतं. तेव्हा मी बाहेर पिशव्या आणि चपला सांभाळत बसले होते, आत तुमचे दाजी गेले होते. त्यांनी सगळं नीट ऐकलं आणि बाहेर येऊन मला एका वाक्यात सांगितलं, "साखर वाईट." तेवढ्यावर मी पाच वर्षं काढली.

तर तालुक्याच्या खो-खोचा शेवटचा सामना यंदा नळदुर्गला होता, आमची शाळा आणि नळदुर्गची शाळा. सकाळी सृष्टीची पिशवी भरताना एक डबी हाताला लागली. आत पांढरी पूड. जिभेला लावून बघितली तर गोड! माझ्या पायाखालची जमीन सरकली. पोरगी चोरून साखर खाती! (त्या वेळी मला पहिली तुमचीच आठवण झाली, माफ करा.) ओरडायला गेले तर ती अंघोळीला, आणि सामन्याच्या दिवशी लेकराला बोलायचं कसं? मग मी ती पूड काढून कागदात बांधून ठेवली, आणि रिकामी डबी न्यायची न्हाई म्हणून तिच्यात देवाचा भंडारा भरला. देव सोबत राहील, साखर लांब राहील. असं एका दगडात दोन कामं केल्याचा मला इतका आनंद झाला की वाटेत जीपमध्ये मी दोन अभंग म्हटले.

सृष्टी पहिल्या डावात तीन मिनिटं चाळीस सेकंद पळाली. नळदुर्गच्या पोरी तिच्यामागं धापा टाकत होत्या. मी टाळ्या वाजवून वाजवून बांगडी वाढवली. बाद होऊन बाहेर आली ती घामानं निथळत, हात थरथरत, पाय कुठं पडतोय त्याचं भान न्हाई. तिच्या सरांना म्हणाली, "सर, आज गणिताचा पेपर हाय का?" मग तिनं पिशवीतून ती डबी काढली आणि न बघता सगळी तोंडात ओतली.

दादा, पुढचं डोळ्यासमोर आणा. पोरीचं तोंड पिवळं, कपाळ पिवळं, गळ्यापर्यंत भंडारा, अंग थरथरतंय, तोंडातून काहीबाही येतंय. शेजारची एक बाई ओरडली, "अंगात आलं! खंडोबा आले!" झालं. बायका पुढं सरसावल्या. एकीनं पदर पसरून पोराच्या लग्नाचं विचारलं. दुसरीनं विचारलं, हरवलेली शेळी कुठल्या दिशेला गेली. सृष्टीचा हात लटपटत उजवीकडं गेला तर ती बाई खरंच उजवीकडं पळाली. आणि खोटं कशाला लिहू, मी तिची जन्मदाती, मी पण हात जोडले. मला वाटलं, पाच वर्षांचा नवस आज फळाला आला.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी कोपरानं बायका ढकलत आली. हमिदाबी. नळदुर्गच्याच, त्यांची नात आफरीन समोरच्या संघात खेळत होती. त्यांनी सृष्टीच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं असं बघितलं की सासूनंसुद्धा कधी तसं बघितलं नसंल. म्हणाल्या, "अगे मा! देव कशाचा, शक्कर उतरलीया पोरीची! हात काय जोडतीस? हात सोड आन् हिचं डोकं धर!" त्यांना स्वतःला वीस वर्षं साखर, त्यामुळं त्यांनी लांबून ओळखलं. नातीसाठी आणलेलं लिंबाचं सरबत त्यांनी घोटघोट सगळं सृष्टीला पाजलं. मी मधेच म्हटलं, "अवो, त्यात साखर हाय!" तर म्हणाल्या, "म्हनूनच पाजतीय. तू गप बस."

दहा-पंधरा मिनिटांत खंडोबा गेले आणि माझी पोरगी परत आली. डोळे उघडून पहिला शब्द, "आई, माझ्या डबीत काय भरलंस?" जमलेल्या बायकांना फार वाईट वाटलं, शेळीवाली सोडून (शेळी खरंच उजवीकडं, बाभळीखाली सापडली. ती आजही मानायला तयार न्हाई). त्या डबीत ग्लुकोज होतं. खेळताना साखर एकदम उतरते, तेव्हा तेच तिचं औषध. म्हणजे मी माझ्या हातानं लेकराचं औषध काढून घेतलं होतं, आणि परत देवाचं नाव त्याला लावलं होतं. तिथं खांबाशेजारी बसून मी जी रडले ती तुम्हाला सांगत न्हाई.

सरांनी तिला अर्धा तास बसवून ठेवलं. साखर मोजायचं मशीन लावून दोनदा आकडा बघितला, मगच शेवटच्या डावात सोडलं. आणि शेवटच्या मिनिटाला तिनं खांबावरून सूर मारून ज्या पोरीला बाद केलं ती आफरीन. आम्ही जिंकलो. हमिदाबी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सरबत बी माझं, मारली बी माझीच पोरगी!" आणि मग सृष्टीला जवळ घेऊन तिचं पिवळं तोंड आपल्या ओढणीनं पुसलं. आता त्या दर शुक्रवारी फोन करतात, पहिला प्रश्न, "डबी बघितलीस का? आज हळद हाय का मिर्ची?"

सृष्टी माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी मला समोर बसवलं आणि शाळेतल्या मास्तरणीसारखं सगळं शिकवलं, परत विचारून घेतलं, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. साखर चढली तर वाळवीसारखी आतून हळूहळू खाते, उतरली तर उभ्या माणसाला दहा मिनिटांत पाडते. दोन्हीकडं लक्ष ठेवायचं. मी पुजाऱ्यांना जाऊन नवसाचं विचारलं. ते म्हणाले, देवानं तुमच्याकडं साखर कधी मागितलीच नव्हती. पाच वर्षांनी हे कळलं. तुमच्या दाजींना मात्र अजून स्टँडवर माणसं भेटतात.

मग गावात सत्कार झाला. शाल, नारळ, आणि सृष्टीला अर्धा किलो पेढे! (पेढे कुणी निवडले ते विचारू नका, त्याच माणसानं भाषण केलं.) भाषणात ते म्हणाले की ह्या कन्येनं मधुमेहाला कायमचं चितपट केलं. सृष्टीनं माईक घेतला आणि म्हणाली, "काका, चितपट न्हाई झाला. तो रोज सकाळी उठून परत शड्डू ठोकतो, मी पण ठोकते. तुमची कधी तपासली?" काकांनी लगेच आभारप्रदर्शन सुरू केलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात तेच काका उभे, तोंडावर मफलर. मागं आणखी सात जण, सगळे "सहज इकडून चाललो होतो." आमचं घर गल्लीच्या टोकाला, पुढं फक्त ओढा आहे. सृष्टीनं सगळ्यांना आरोग्य केंद्रात नेऊन बसवलं, तिथं फुकट तपासतात. आठांत पाच निघाले. त्यात आमचे धोंडीबा, वय सत्तर, ज्यांना वाटत होतं की त्यांच्या तळपायाला मुंग्या येतात त्या करणीच्या. आता दर रविवारी सकाळी सृष्टी ह्या सगळ्यांना शाळेच्या मैदानावर चालवते. एकदा हौसेनं खो-खो मांडला. धोंडीबा चौकोनात उकिडवे बसले, मागून "खो" मिळाला, आणि उठताच येईना. त्यांच्यापुढून पळणारे काका थांबले, त्यांना हात धरून उठवलं, आणि त्याच हातानं धोंडीबांनी त्यांना बाद केलं. काका अजून दाद मागत आहेत. पण दादा, धोंडीबांच्या तळपायाच्या मुंग्या कमी झाल्या. परवा मला म्हणाले, "कस्तुराबाई, पाय परत माजे झाल्यासारकं वाटतंय." ते ऐकलं आणि मला तुमचं फडकं आठवलं. भाकरी खाल्ली न्हाई मी त्या रात्री.

दादा, थट्टा करते म्हणून रागावू नका. लहानपणी ओढ्याच्या पाण्यातून तुम्ही मला खांद्यावर घेऊन शाळेत नेलं, म्हणून मी मॅट्रिकपर्यंत गेले, म्हणून आज तुम्हाला असं पत्र लिहून शिव्या देता येतात. ते पाय मला सगळेच्या सगळे हवेत, अंगठ्यासकट. दोन गावांत मिळून एकच मूर्ती, तरी आपले खंडेराय सुद्धा लेखी कराराप्रमाणं ठरल्या दिवशी अणदूर सोडून नळदुर्गाला जातात आणि ठरल्या दिवशी परत येतात. देव तारीख पाळतो, आणि तुम्ही डॉक्टरनं दिलेली तारीख मोडता? शिवाय तुम्हाला पासष्टी गाठून एस.टी.चं अर्धं तिकीट मिळायला अजून तीन वर्षं आहेत. निदान तेवढ्यासाठी तरी गाडीची पायरी स्वतःच्या पायानं चढता आली पाहिजे. सृष्टीनं निरोप दिलाय की पहिली सुई ती स्वतः देईल, आणि तुम्हाला त्या वेळी लिंबाकडं बघायची मुभा आहे.

वहिनींना नमस्कार, योगीराजला आशीर्वाद, म्हशीला गूळ. तुम्हाला गूळ न्हाई.

तुमची धाकटी,
कस्तुरा

ता. क. बियाण्याचं पोतं रिकामं झालं की धुऊन योगीराजबरोबर परत पाठवावं. चांगलं आहे.

दुसरा ता. क. (हा एकट्यानं वाचावा. वहिनींना सांगावं की सहीखाली फक्त पोत्याचं आहे.) सृष्टीच्या साखरेची वही मी ठेवते. तारीख, वेळ, आकडा. मशीनच्या पट्ट्या महाग, म्हणून एकही पट्टी नोंद केल्याशिवाय मी जाऊ देत न्हाई. गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. पायाला मुंग्या येत होत्या, धोंडीबांसारख्या. मशीन स्वतःच्या बोटाला लावलं. दोनशे एक्क्याण्णव. वाटलं, मशीन बिघडलं. दुसरी पट्टी लावली. दोनशे चौऱ्याण्णव. आता दोन पट्ट्या लिहायच्या कुठं? खोटं लिहायला हात धजेना, खरं लिहायला छाती होईना. मग आकडे खरे लिहिले, फक्त सृष्टीच्या नावावर. परवा डॉक्टरबाईंनी वही बघून तिला विचारलं, "मंगळवारी दोन वाजता काय खाल्लं होतंस?" पोरगी म्हणाली, "मॅडम, तेव्हा मी वर्गात होते, इतिहासाचा तास." मग दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, पंखा जरा मोठा करता का?

बाई माझ्यावर लई चिडल्या. त्या आकड्यावरून पोरीचा डोस वाढवला असता म्हणजे? त्याचं मला पटलं, रात्रभर पटत होतं. पण मूळ दुखणं वेगळंच आहे. पाच वर्षं बिनसाखरेचा चहा पिऊन साखर मलाच! ह्यावर खंडेरायाशी माझं बोलणं चालू आहे. वर पेढ्यांवरून तुम्हाला जे लिहिलं ते मागं घेते. आणि "तिघंही बरे आहोत" हे दोघं असं वाचावं.

तिसरा आणि शेवटचा ता. क. पुढच्या गुरुवारी मला सोलापूरला बोलावलंय, उपाशीपोटी, दोन्ही हातांतून रक्त काढणार आहेत म्हणं. सृष्टीची त्या दिवशी परीक्षा आहे, आणि तुमच्या दाजींना मी अजून सांगितलं न्हाई. त्यांना एवढंच म्हटलंय की दादांचा पाय सोलापूरला दाखवायचाय, ते एकटे जायला भितात, म्हणून मी सोबत जाते. तुम्ही वहिनींना सांगा की कस्तुराला सोलापूरला दाखवायचंय, ती एकटी जायला भिते, म्हणून मी सोबत जातो. दोघांपैकी एकाचंही खोटं ठरणार न्हाई. सकाळच्या मुरूमच्या गाडीनं यावं, मी सात वाजता हमरस्त्यावर अणदूरच्या पाटीवर उभी असेन. दवाखान्यात पहिला नंबर तुमचा. थोरल्यांच्या आधी बसायची आपल्या घरात रीत न्हाई.